हिरव्या कड्यांची पिल्लं

कोस्ताल्ता, ९ सप्टेंबर २०१२

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणूनच म्हणते. शाळेत तुझ्या शेजारी बसून तुझी गणितं उतरवत होते, तेव्हा तुझ्याच भावाच्या गळ्यात पडेन असं कुणाला वाटलं होतं? फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघी पाचव्या मिनिटाला भांडतो. पत्रात निदान पोस्टमन पोचेपर्यंत शांतता असते.

तर तुझ्या प्रयोगशाळेची पिल्लं पोचली. तुमचं काम संपलं की ती शेतकऱ्यांना वाटून टाकता, तुमच्याकडची ही एकच गोष्ट फाउस्तोला पटते. बाकी त्याच्या मते त्याची बहीण सरकारच्या पैशाने कोंबड्यांशी खेळते. माझी करडी कोंबडी खुडूक होऊन बसलीच होती. संध्याकाळी अंधार पडल्यावर पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवली, आणि सकाळी तिने ती आपली म्हणून मानली.

म्हणजे निम्मी मानली. आठ पिल्लं तिच्या मागे मागे फिरतात. उरलेल्या सातांच्या पायात हिरवं कडं आहे, ती जात नाहीत. कोंबडी घसा फाटेस्तोवर बोलावते, ही जिथे उभी तिथेच. आजारी नाहीत, दाणा टिपतात, पाणी पितात. साधं पिल्लू एकटं पडलं तर आकाश डोक्यावर घेतं. हिरव्या कड्याचं एक मी मुद्दाम कोठारामागे नेऊन ठेवलं. ते तिथे गप्प उभं राहिलं. मी दडून बघत होते, शेवटी मलाच राहवेना, उचलून आणलं.

माझा जोएले मात्र खूश आहे. आठ वर्षांचा घोडा झाला, पण दिवसभर त्या सातांच्या मध्ये मांडी घालून बसतो. ती त्याला घाबरत नाहीत, तो त्यांना हात लावत नाही. शाळा सुरू होईपर्यंत बसू दे म्हटलं.

द्राक्षं यंदा बरी आहेत. मी वाइन घेत नाही, पोट ठीक नाही. लगेच डॉक्टरकी करू नकोस.

तुझी नीवेस

*

रोव्हेरेतो, २० सप्टेंबर

प्रिय नीवेस,

पोटाचं काय झालं? बरं, नाही विचारत.

पिल्लांचं ऐकून मी कपाळाला हात लावला. तुला पाठवलेल्या दोन खोक्यांतला एक चुकून बदलला. आम्ही फक्त साधी पिल्लं देतो, हिरव्या कड्यांची बाहेर जायलाच नकोत. दोन्ही खोके मीच भरले होते, म्हणजे चूक माझीच. कुणाला सांगू नकोस, मी येऊन घेऊन जाईन.

तू विचारशील म्हणून सांगते. पिल्लू अंड्यात शेवटचे दिवस मान वळवून बसतं. उजवा डोळा कवचाकडे, डावा अंगाखाली दडलेला. कोंबडी अधूनमधून उठते तेव्हा कवचातून उजेड झिरपतो, तो एकाच डोळ्याला मिळतो. तिथून मेंदूच्या दोन बाजू वेगवेगळी कामं वाटून घेतात. बाहेर आल्यावर पिल्लू दाणा कोणता आणि खडा कोणता हे उजव्या डोळ्याने बघतं, आणि आपलं कोण, परकं कोण हे डाव्याने. तुझी करडी कोंबडी तू अंगणात आलीस की मान तिरकी करते ना? ती तुला डाव्या डोळ्याने ओळखून घेते. माणसांतही असं काहीतरी आहे. बहुतेक आया मूल डाव्या अंगाला धरतात, उजव्या हाताने कामं करणाऱ्याच नव्हे, डावखुऱ्यासुद्धा.

हिरव्या कड्यांच्या पिल्लांना अंड्यात असतानाच एक औषध टोचलेलं आहे. त्यांच्यात ही वाटणी नीट होत नाही. दोन्ही बाजू सारख्याच, आणि आईचा चेहरा त्यांना दगडाइतकाच. असं का होतं ते आम्ही शोधतोय. त्यांना वेदना नसते, एवढं मी खात्रीने सांगते.

जोएलेला माझा पापा. घेईल तर.

ओत्ताविया

*

कोस्ताल्ता, ३ ऑक्टोबर

ओत्ताविया,

पिल्लं मी देणार नाही. जोएले शाळेतून आला की दप्तर टाकून थेट तिकडे जातो. त्याने आजवर कुठल्या मुलाकडे धाव घेतली आहे? घेऊन जाऊन तुम्ही त्यांचं काय करता ते मला माहीत आहे, शेजारच्या पिया काकूंचा पुतण्या तुमच्याकडे साफसफाईला होता.

परवा ससाणा आला. कोंबडीने ओरडून इशारा दिला आणि तिची आठही पिल्लं क्षणात तिच्या पंखाखाली. हिरव्या कड्यांची वर बघतसुद्धा नव्हती. दोन उचलून नेली, उरलेली पाच तशीच दाणे टिपत होती. जोएले मध्येच बसलेला, त्याच्या खांद्यावरून तो पक्षी गेला आणि त्यानेही मान वर केली नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, हातात मक्याच्या पोलेंताचा पळा. ओत्ताविया, मला त्या क्षणी अंगणात पिल्लं दिसलीच नाहीत. माझाच मुलगा सात ठिकाणी उभा होता, आणि त्यातले दोन ससाण्याने नेले.

तेव्हापासून मी खिडकीकडे पाठ करून स्वयंपाक करते. फाउस्तो म्हणतो मुरगाळून टाक आणि मोकळी हो. मी त्याला म्हटलं, पुन्हा हे बोललास तर तुझं जेवण तुझ्या बहिणीकडे.

मला सांग, काय टोचलं होतं? तू "एक औषध" लिहून पुढे गेलीस. तू अशी पुढे जातेस तेव्हा काहीतरी असतं. चौदाव्या वर्षी वर्गात मला पहिल्यांदा फिट आली, तेव्हा माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस काही नाही, चक्कर आली. तोच तुझा आवाज मला पत्रात ऐकू आला.

नीवेस

*

रोव्हेरेतो, १२ ऑक्टोबर
(हे पत्र टाकलं नाही.)

नीवेस,

तुझ्या फिटांवरचे थेंब. तेच. तू चौदाव्या वर्षापासून सकाळ-संध्याकाळ घेतेस ते, आणि जोएले पोटात असतानाही घेत होतीस ते.

हे मला चार वर्षांपूर्वी कळलं. सगळ्या मुलांना होत नाही, पण त्या थेंबांवर असलेल्या आयांच्या मुलांत जोएलेसारखं असणं जास्त दिसतं, एवढं आता पक्कं आहे. कळलं त्या दिवशी मी ठरवलं की याच्यावरच काम करायचं. आणि तुला सांगायचं नाही. तुझा काय दोष होता? डॉक्टरांनी दिलं, तू घेतलंस. झालेलं बदलणार नाही, मग तुझ्या जिवाला ही टोचणी कशाला? दुसरं मूल नको असं तूच म्हणाली होतीस, म्हणून गप्प बसणं सोपं गेलं.

रोज सकाळी मी अंड्यात सुई घालते आणि मला तुझं स्वयंपाकघर दिसतं, फळीवरची ती तपकिरी बाटली

*

रोव्हेरेतो, १४ ऑक्टोबर

प्रिय नीवेस,

उगीच काहीबाही मनात आणू नकोस. टोचलेलं द्रव्य प्रयोगशाळेतलं आहे, नाव सांगून तुला काही बोध होणार नाही. घरात सापडणारी वस्तू नाही ती. पिल्लं वेगळी आणि जोएले वेगळा. तो असाच जन्मला, काही मुलं जन्मतात. कारण शोधायला गेलीस तर वेड लागेल.

पिल्लं ठेव तुझ्याकडे. मी इथे मेली म्हणून नोंदवते.

थंडी पडायला लागली, सांभाळून राहा.

ओत्ताविया

*

कोस्ताल्ता, २ नोव्हेंबर

माझ्या लाडक्या वन्सं,

काल तुझ्या आईच्या थडग्यावर शेवंतीची फुलं ठेवून आलो. पिया काकूंनी नेहमीप्रमाणे शेजारच्या थडग्यावरची फुलं मोजली आणि नाक मुरडलं. जोएले शांत होता. दगडावरच्या तुझ्या आईच्या फोटोला त्याने बोट लावलं, मग पुसलं.

आता जे सांगते ते खुर्चीत बसून वाच. मला दिवस गेलेत. चौथा महिना चालू आहे. फाउस्तोखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं. तुला मुद्दामच नाही सांगितलं. मागे मी म्हणाले होते ना की आता दुसरं नको, दुसरंही तसंच झालं तर माझ्यात बळ नाही? तू तेव्हा एवढ्या घाईने "बरोबर आहे" म्हणालीस की मला ते लागलं होतं. म्हणून आता वाटलं, हिला कळलं तर ही काहीच बोलणार नाही, नुसती बघत राहील, आणि ते बघणं मला सोसणार नाही.

पिल्लांमुळे तर मी पार हादरले होते. उन्हाळ्यापासून एकच विचार, माझ्यातच काही खोट असेल तर? माझं रक्त, माझं दूध, मी त्याला धरलं ती बाजू. तू लिहिलंस ना, आया डाव्या अंगाला धरतात? मी दोन दिवस आठवत बसले होते की मी जोएलेला कुठल्या अंगाला धरायचे. मग तुझं पत्र आलं. कारण शोधू नकोस, तो असाच जन्मला. ते पत्र मी उशाखाली ठेवलंय, बाई. कित्येक महिन्यांनंतर नीट झोपले.

मी सगळं शहाण्यासारखं करते आहे. वाइन नाही, कॉफी एक, ओझं उचलत नाही. थेंब एकही वेळ चुकवत नाही. खालच्या गावचे आपले म्हातारे डॉक्टर म्हणाले, मागच्या वेळेसारखंच चालू ठेव, फिट आली तर बाळाला धोका. मुलगी असावी असं वाटतं. फाउस्तो वरून म्हणतो काहीही चालेल, पण पाळणा आत्ताच कोठारातून काढून घासत बसलाय.

तुझी नीवेस

*

रोव्हेरेतो, ६ नोव्हेंबर

नीवेस,

सकाळपासून फोन लावते आहे. बर्फाने तारा पडल्या म्हणतात. हे पत्र दुपारच्या बसच्या चालकाकडे देते आहे, तो तुझ्या दारात थांबेल. उद्या सकाळी मी स्वतः येते. पण समोर उभी राहिले तर माझ्या तोंडून हे बाहेर पडणार नाही, म्हणून आधी वाच.

पिल्लांना टोचलेलं औषध म्हणजे तुझे थेंब. मी खोटं लिहिलं. घरात सापडणारी वस्तू नाही असं लिहिलं, आणि ती तुझ्या फळीवर आहे हे मला माहीत होतं. जोएलेचं जे झालं ते त्याच्यामुळे झालं असण्याची शक्यता मोठी आहे. तुला दुःख नको म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला सांगत होते. तुला दिवस गेले असतील हे माझ्या मनातही आलं नाही. यायला हवं होतं. वाइनचं वाचूनच यायला हवं होतं.

आता नीट वाच. थेंब एकदम बंद करायचे नाहीत. तुला जोराची फिट येईल, तू जाशील आणि बाळही. आज संध्याकाळचे घे. उद्या सकाळचे घे. त्रेंतोच्या इस्पितळात उद्या दुपारची वेळ घेतली आहे, तिथे हळूहळू दुसरं औषध सुरू करतील. तोवर चुकवू नकोस. मी हात जोडते.

ओत्ताविया

*

कोस्ताल्ता, १३ जानेवारी २०१३

ओत्ताविया,

तू तीन पत्रं पाठवलीस, मी उत्तर दिलं नाही. फाउस्तो म्हणतो आता लिही, नाहीतर ती तिकडे झुरून मरेल आणि वर पुरण्याचा खर्च आपल्यालाच. त्याची थट्टा अशीच असते, तुला माहीत आहे.

त्या दिवशी तू दारात आलीस तेव्हा मी वर होते. तुझा आवाज ऐकला. तू रडत होतीस आणि फाउस्तो तुला पाणी देत होता. मी खाली आले नाही. आले असते तर काय केलं असतं मला ठाऊक नाही.

पण तुला त्या आदल्या संध्याकाळचं सांगायचं आहे. तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. जोएले टेबलाशी बसून चेस्टनट सोलत होता. मी बाटली काढली, पेल्यात थेंब मोजले. हातात पेला घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. एवढी वर्षं न कळता घेतले, त्याचं मी काही म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी सगळं कळून घेतले. पोटात ती हलली होती त्याच आठवड्यात, पहिल्यांदा. मी तिला म्हटलं, तोंड मिटून घे. मग प्यायले. तू लिहिलं होतंस म्हणून. सकाळी पुन्हा. ते दोन पेले मला अजून दिसतात, भांडी घासतानाही दिसतात.

त्रेंतोच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. औषध बदललं, एकच बारीक फिट आली. तपासणीत बाळाचे हातपाय, पाठीचा कणा, सगळं ठीक आहे. डोक्याच्या आत काय झालं, झालं की नाही, ते कुठल्याच यंत्रात दिसत नाही म्हणाल्या. झालंच असेल तर बरंचसं पहिल्या महिन्यांत झालं असेल. त्यांनी विचारलं, आधी तुम्हाला कुणीच सांगितलं नाही? मी म्हटलं, आमच्या घरात यातलं कळणारं कुणी नाही.

सप्टेंबरात तू पहिलं उत्तर लिहिलंस तेव्हा मला तिसरा महिना लागला होता. तेव्हाच बदललं असतं तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. त्या खरं सांगतील अशा वाटतात.

लपवलं मीही. मी सांगितलं असतं तर तू बोलली असतीस, एवढी मी तुला ओळखते. त्यामुळे हे सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवता येत नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

एक गोष्ट मात्र तुझी एकटीची आहे. जोएले तान्हा होता तेव्हापासून तू येऊन त्याच्या पाळण्याशी बसायचीस. मला वाटायचं, बाई, काय जीव आहे हिचा भाच्यावर. त्याच्यासमोर एकदा या बाजूने खुळखुळा धरायचीस, एकदा त्या बाजूने. तू त्याच्याशी खेळत नव्हतीस, ओत्ताविया. तू बघत होतीस तो कुणाकडे बघतो. माझ्याआधी तुला कळलं होतं. तू त्याला कडं घातलं होतंस, आणि ते आम्हाला कुणाला दिसलं नाही.

एप्रिलमध्ये ही येईल. मुलगी आहे. तू आत्या आहेस, तुला बोलावणार नाही असं होणार नाही, गावात तोंड दाखवायचंय. पण हिच्याकडे तसं बघायचं नाही. खुळखुळा नाही, मान तिरकी करून बघणं नाही. मनातल्या मनात टिपून घेणंसुद्धा नाही. ती कशी आहे हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळता कामा नये. जमणार नसेल तर येऊ नकोस.

नीवेस

*

रोव्हेरेतो, २१ जानेवारी

नीवेस,

खरं आहे सगळं. खुळखुळ्याचंही.

ते काम मी सोडलं. आता विद्यार्थ्यांना शिकवते. तू सांगितलंस तसंच वागेन. वचन देते.

ओत्ताविया

*

कोस्ताल्ता, २० मे २०१३

ओत्ताविया,

बारशाचे फोटो पाठवते आहे. पिया काकूंनी प्रत्येकात डोकं घातलंय. फाउस्तोचा शर्ट बघ, तीनदा इस्त्री केली होती. जोएले एकातही समोर बघत नाही, पण चर्चमध्ये तो शेवटपर्यंत बाबागाडीच्या दांडीला धरून उभा होता, तेवढं कॅमेऱ्यात आलं आहे.

लिद्या पाच आठवड्यांची झाली. पिते, झोपते, रडते. मी दिवसभर तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन बसते. कधी वाटतं बघितलं, कधी वाटतं मीच मनाचं समाधान करून घेते. तिला उचलते तेव्हा कोणत्या अंगाला धरते आहे ते आपोआप ध्यानात येतं, मग बाजू बदलते, मग पुन्हा बदलते. साधं पोरगं उचलणंही मला आता सरळ येत नाही.

तू वचन पाळलंस. मी अगदी नजर ठेवून होते. जेवणानंतर फाउस्तोने तिला तुझ्या मांडीवर ठेवलं, पिया काकू म्हणाल्या, बघ गं, अगदी आत्यावर गेलीय. तू हसलीस, पण मान वर केली नाहीस. अर्धा तास तिला घेऊन खिडकीशी बसलीस आणि फरशीकडे बघत राहिलीस. जाताना तिच्या कपाळाला ओठ लावलेस तेही डोळे मिटून. मी तुझ्याकडून हेच मागितलं होतं, आणि ते बघताना मला कुठेतरी बरंही वाटत होतं, हे लपवत नाही.

पण दुसरं एक सांगितल्याशिवाय पत्र संपवता येत नाही. तो अर्धा तास ती जागी होती. डोळे टक्क उघडे, रडणं नाही, हलणं नाही. वर बघत होती. तुझ्या चेहऱ्याकडे बघत होती, की तुझ्या मागच्या खिडकीतल्या उजेडाकडे, ते मला दारातून कळेना. मी दोन पावलं आत आले, तरी कळेना. फाउस्तोला विचारलं, त्याला काय कळणार. त्या खोलीत ज्या एका माणसाला ते कळलं असतं, ते माझ्या शब्दाखातर फरशीकडे बघत बसलं होतं.

नीवेस